डिस्पॅच रजिस्टर : जुन्या कपड्यांची पार्सलं (नौपाडा, ठाणे)

९ जून २०२५

आजपासून पॅकिंग माझ्याकडे. सुनेने इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकायला काढलेत. माल ओळखीपाळखीच्या घरांतला: लग्नात मिळालेल्या आणि एकदाच नेसलेल्या साड्या, अंगाला न होणारे कुर्ते, परदेशी गेलेल्या मुलांच्या जीन्स. फोटो आणि गिऱ्हाईक ती सांभाळते. धुणं, इस्त्री, रफू आमच्या सौ.कडे. मी वागळे इस्टेटमध्ये उभी नोकरी डिस्पॅचला काढली, त्यामुळे गठ्ठे बांधायचं काम ओघानेच माझ्या गळ्यात आलं. तिकडे पंप जायचे, इकडे परकर जातात. रजिस्टर ठेवायची सवय तीच.

काही गोष्टी आधीच ठरल्यात. पैसे यूपीआयवर आधी, पार्सल नंतर. दारात पैसे देतो म्हणणारं गिऱ्हाईक दार उघडेलच याची खात्री नसते आणि परतीचं भाडं आपल्याच बोकांडी बसतं. दुसरं, माल महाराष्ट्राबाहेर जाणार नाही. ओळखीच्या सीएने सांगितलं की राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याची हद्द ओलांडली की एक साडी विकली तरी लागते. बेळगावहून दोघींनी विचारलंय, त्यांना सध्या नाही म्हणावं लागेल. (बेळगावला ‘बाहेर’ म्हणताना माझीही जीभ अडखळली, पण जीएसटीवाले आपल्या भावना विचारत नाहीत.) तिसरं म्हणजे, कपड्यात जो दोष असेल तो पार्सल उघडल्याबरोबर सापडला पाहिजे. तो कसा दाखवायचा, हे अजून ठरायचंय.

११ जून

जांभळी नाक्यावरून सामान आणलं. कुरिअर बॅगा दोन मापांच्या, १० × १२ आणि १२ × १६ इंची. दोन इंची ब्राऊन टेप, लेबल ठेवायचे पारदर्शक पाऊच, जाड मार्कर, डिजिटल काटा. दुकानदाराने बबल रॅपचा रोल पुढे सरकवला. कुर्ता काय फुटणार आहे? परत सरकवला. रबरबँडही घेतले नाहीत, त्याचं कारण जरीचा माल येईल तेव्हा लिहीन.

घरात रद्दी पडलीय, तीच गुंडाळायला घ्या, असं सौ.चं म्हणणं. एका बाद पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर पेपराचं पान ठेवलं, तळहाताने दाबून दोनदा फिरवलं आणि तिला दाखवलं. बाही करडी. पेपराची शाई पुरती वाळत नाही, घासली की सुटते. या हवेत चार दिवस गुंडाळून ठेवला तर गिऱ्हाइकाला सदऱ्यावर अग्रलेख वाचायला मिळायचा. रद्दी रद्दीवाल्याकडेच जाईल.

१४ जून

पुठ्ठ्याचे खोके का नकोत, हे सुनेला आज आकड्यांत दाखवलं. कुरिअरवाले दोन वजनं काढतात: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, ५००० ने भागायचं. येईल ते किलोत. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे.

एक जीन्स आणि एक कुर्ता, काट्यावर मिळून ७८० ग्रॅम. खोक्यात घातले तर बाहेरचं माप ३५ × २५ × ८. म्हणजे ७००० भागिले ५०००, १.४ किलो. दीड किलोचे पैसे. तेच दोन कपडे बॅगेत सपाट बसवले, हवा काढली, उंची ४ सेंटिमीटर झाली: ७०० ग्रॅम. मग काट्यावरचे ७८० धरले जातात आणि एक किलोत काम होतं. खोक्यात आपण हवेचं भाडं भरतो.

सपाट बसवायलाही डोकं लागतं. जीन्सची कंबर आणि मोहरी एकाच टोकाला आली की तिथे टेंगूळ येतं आणि कुरिअरवाला पट्टी नेमकी टेंगळावरच लावतो. कंबर एका टोकाला, मोहरी दुसऱ्या, आणि मधल्या खड्ड्यात कुर्ता. चेन लावलेली, बटणं बंद. बॅगेचं तोंड थोडं उघडं ठेवून तळापासून तोंडाकडे पंज्याने चेपत यायचं आणि मगच चिकटपट्टीवरचा कागद ओढायचा. ती पट्टी एकदाच चिकटते. पुन्हा उघडायला गेलं तर बॅग फाटते, वाटेत कोणी उघडली तर कळावं म्हणूनच तशी केलेली असते. त्यामुळे चिठ्ठी, नाव, साइज सगळं त्याआधी तपासायचं.

आणि खिसे. सगळे खिसे बाहेर काढून बघायचे. आज एका जीन्सच्या घड्याळखिशातून दोन रुपयांचं नाणं आणि टीएमटी बसचं तिकीट निघालं. नाणं मूळ मालकाला परत देऊ, असं सून म्हणाली. तो टोरंटोत आहे.

२० जून

वजनाचा घोळ सुटला. सुती साड्या रात्री आमच्या काट्यावर ४८० भरायच्या आणि सकाळी काउंटरवर ५०० च्या वर जायच्या. पाचशेचा टप्पा ओलांडला की पुढच्या पाचशेचे पैसे. काटा खोटा आहे म्हणून सून भांडायच्या तयारीत होती. मी आमचाच काटा पिशवीत घालून काउंटरवर नेला. दोन्ही काटे एकच आकडा दाखवतात.

काट्याचा दोष नव्हता, हवेचा होता. सौ. रात्री इस्त्री करते, मी तिथल्या तिथे वजन घेतो, त्या वेळी साडी खडखडीत असते. मग ती रात्रभर शेल्फवर उघडी. सुती कापड हवेतला ओलावा पीत बसतं. कापडवाले ६५ टक्के आर्द्रतेला मोजतात तेव्हा कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के पाणी धरतात, रेशमाला ११, पॉलिएस्टरला फक्त ०.४. हे ६५ टक्क्यांचं झालं. पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत आला आणि तेव्हापासून आमच्या हॉलची भिंतसुद्धा ओलसर लागते. पॉलिएस्टरच्या साड्या रात्री तेवढ्याच, सकाळी तेवढ्याच.

म्हणून वजन सकाळी, बॅग बंद करायच्या क्षणी घ्यायचं. सुती माल ४८० च्या वर गेला की काहीतरी कमी करायचं, निदान बॅग लहान घ्यायची.

वजनापेक्षा मोठं दुखणं वासाचं. इस्त्रीवरून उतरलेला गरम कपडा तसाच बॅगेत घातला तर वाफ आत कोंडते, बॅगेला आतून दव धरतं आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत कपड्याला कुबट वास. म्हणून इस्त्रीनंतर पंख्याखाली दोरीवर. पण या दिवसांत गार कपडा कुठला आणि ओला कुठला, हे हाताला कळत नाही. सौ.ची तपासणी वेगळी आहे. ती कपड्याच्या अंगाला हातच लावत नाही. सलवारचा नेफा, जीन्सच्या खिशाचं अस्तर, कॉलरची आतली बाजू आणि साडीचा फॉल, एवढ्या जागा चिमटीत धरून ओठांना लावते. दुहेरी कापड सगळ्यात शेवटी वाळतं. नेफा कोरडा तर कपडा कोरडा.

२४ जून

सुनेने सिलिका जेलच्या पुड्या मागवल्या आहेत, पाच ग्रॅमच्या. बुटांच्या खोक्यात असतात त्याच. मी विरोध केला नाही, हिशेब मांडला. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तीसेक टक्के पाणी ओढतं. पाच ग्रॅमची पुडी दीड ग्रॅम. अर्ध्या किलोच्या सुती साडीत पाच टक्के जादा ओल राहिली तर ते झाले २५ ग्रॅम. दीड ग्रॅमवाली पुडी तिथे काय करणार?

कोरड्या कपड्याबरोबर बॅगेत कोंडलेल्या हवेपुरती ती ठीक. ओल्याला औषध नाही. पुड्या फक्त रेशमी मालात घालायच्या असं ठरलं. निळ्या दाण्यांच्या पुन्हा मागवू नकोस म्हटलं. तो निळा रंग बहुधा कोबाल्टच्या क्षाराचा असतो, आणि पार्सल उघडताना शेजारी पोरंबाळं बसलेली असतात. पांढऱ्या बऱ्या.

३ जुलै

चरईतल्या एका घरातून अख्खी ट्रंक आली. आजींच्या रेशमी साड्या, प्रत्येक घडीत डांबरगोळ्या. साड्या देखण्या, एकही भोक नाही, म्हणजे गोळ्यांनी आपलं काम चोख केलंय. पण ट्रंक उघडल्यापासून घरात चहालाही तोच वास.

नवा कपडा माणूस आधी बघतो, जुना आधी हुंगतो. फोटोत कितीही छान दिसलेली साडी असो, पाकीट फोडल्यावर पहिला श्वास कसला येतो त्यावर तिचं नशीब ठरतं. डांबराचा वास म्हणजे कोणाच्या तरी आजीचं कपाट, आणि गेलेल्या माणसाचा कपडा अंगावर घ्यायचा नाही हे आपल्याकडे अजून पुष्कळांच्या मनात असतं.

डांबरगोळी विरघळत नाही, हवेत उडते आणि तंतूंत जाऊन बसते. तशीच ती हवेतच परत जाते, फक्त वेळ द्यावा लागतो. रेशीम धुवायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, रंग उडतो. गॅलरीच्या आतल्या दोरीवर सावलीत, पंखा लावून, रोज घडी बदलायची. सुनेला अत्तराचा फवारा मारायचा होता. अत्तर अधिक डांबर म्हणजे तिसराच वास, आणि रेशमावर डाग पडला तर साडी गेली. वास जायला दोन आठवडे लागोत नाहीतर तीन, तोवर यातली एकही साडी विक्रीला टाकायची नाही. शेवटचा निकाल नातीचा. तिचं नाक आमच्या तिघांच्या नाकांना भारी आहे.

६ जुलै

आषाढी, आणि वर रविवार. डिस्पॅच बंद. साबुदाण्याची खिचडी.

१२ जुलै

दोष दाखवायची रीत आता पक्की झाली. आधी सून चिठ्ठीत लिहायची: ‘पदराजवळ लहान भोक.’ साडी साडेपाच मीटरची. भोक शोधायला गिऱ्हाइकाला अख्खी साडी पलंगावर पसरावी लागते, आणि शोधता शोधता तिला आणखी तीन गोष्टी दिसतात ज्या दोष नसतात, विणीतल्या गाठी असतात.

सौ.ने उपाय काढला. दोषाच्या शेजारी लाल दोऱ्याचा एक सैल कच्चा टाका, अर्धा इंच शेपूट सोडून. कपडा काढला की लाल शेपूट डोळ्यात भरतं. टाका ओढला की निघून येतो, मागे काही राहत नाही. साडी लाल असेल तर दोरा पिवळा. आणि घडी अशी घालायची की टाका सगळ्यात वर येईल. यावर सुनेचं म्हणणं होतं की चांगली बाजू वर हवी, पाकीट उघडताच भोक कशाला दाखवायचं? सौ. म्हणाली, “मुलगी दाखवताना चष्मा लपवला तर लग्नानंतर दिसतोच की.” विषय संपला. तेव्हापासून ‘भोक आहे’ असे मेसेज येणं थांबलंय. आता ‘टाका सापडला’ असे येतात, आणि त्यांचा सूर वेगळा असतो.

हळदीच्या डागाला टाका नाही. तो धुताना साबण लागला की लाल होतो आणि धुणारीला वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं. हळदीचा रंग खाराने लालच होतो. सुती कपडा असेल तर ऊन दाखवलं की बराचसा उडतो. पण ऊन आहे कुठे?

१९ जुलै

साताऱ्याहून एका ताईंचा फोन, सुनेने स्पीकरवर टाकला. “अहो, तेवढं पाकिटावर जुने कपडे असं लिहू नका हं. पार्सल खालच्या दुकानात ठेवतात, सगळे वाचतात.” काउंटरवर ‘आत काय’ विचारतात तेव्हा ‘कपडे’ एवढंच पुरतं, आणि ते खरंही आहे. पाठवणाऱ्याच्या नावात सुनेच्या पेजचं नाव होतं, ज्यात जुन्याचा उल्लेख येतो. तेही काढलं. आता माझं नाव आणि पत्ता. त्यामुळे सातारा जिल्ह्यात एक निवृत्त गृहस्थ बायकांना कुर्ते पाठवतो अशी माझी ख्याती होईल. होऊ दे.

बोहारणीला हेच कपडे देऊन पातेलं घेताना कोणाला लाज वाटत नाही. विकत घेताना वाटते. सून म्हणते तिच्या वयाच्या मुली उलट अभिमानाने सांगतात. असेल. साताऱ्याच्या ताई पन्नाशीच्या आहेत आणि दर महिन्याला घेतात.

२६ जुलै

काल श्रावण लागला. मंगळागौरीच्या ऑर्डरी एकदम आल्या: नऊवारी, खण, इरकल. नाशिकच्या एका सुनेला ५ ऑगस्टच्या मंगळवारी नेसायला जरीकाठी नऊवारी हवी. सव्वाआठ मीटर रेशीम. वजन सव्वा किलोच्या आसपास.

इथे माझं आणि सौ.चं जुंपलं. मी सवयीने पंजा लावला, तशी ती ओरडली, “अहो, चेपू नका!” तिचं बरोबर आहे. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की त्या रेषेवर विरतं, आणि जरीची तार तिथेच मोडते. चरईच्या ट्रंकेतल्या एका पैठणीचा काठ घडीच्या रेषेवर असा उकललाय की नख लावलं तरी धागा सुटेल. म्हणून साडी पूर्ण उलगडायची, जुन्या रेषा सोडून नवी घडी घालायची, काठ आत घ्यायचा आणि प्रत्येक मोडीत मलमलीची सैल गुंडाळी ठेवायची, म्हणजे घडी धारदार होत नाही. त्याने उंची वाढते, आकारमानाचं वजन वाढतं, भाडं वाढतं. वाढू दे. जरीच्या मालाला माझा १४ जूनचा नियम लागू नाही.

आता रबरबँडचं. अस्सल जरीत चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरी म्हणतात तिच्यात तांबं. चांदी काळी पडते ती गंधकाने, आणि रबर पक्कं करायला गंधकच घालतात. साडीला रबरबँड लावून ठेवला की त्या जागी काळा पट्टा. हलक्या पुठ्ठ्याचाही भरवसा नाही. मलमल साध्या पाण्यात धुतलेली हवी, खळ नको. खळीला कसर लागते.

ब्लाऊजचे हुक आधी लावून घेतले, वर कागदाची पट्टी. मोकळा हुक वाटेत एकच काम करतो: शेजारच्या रेशमातून धागा ओढायचं. गंजलेले हुक सौ. कापून नवे लावते. साडीतल्या टाचण्या काढणं तर पहिलंच काम, कारण पावसाळ्यात टाचणीभोवती गंजाचा जो पिवळा ठिपका पडतो तो पुढे कशालाच दाद देत नाही.

नाशिकला आज शनिवारीच रवाना. मंगळवारचं काम सोमवारवर ठेवायचं नाही.

२ ऑगस्ट

तपकिरी कागद की प्लास्टिक, हा वाद महिनाभर धुमसत होता. सुनेला कागद आणि सुतळी हवी. फोटोत छान दिसतं, आणि जुना कपडा पुन्हा वापरा म्हणायचं आणि तो नव्या प्लास्टिकमध्ये पाठवायचा, हे तिला पटत नाही. मुद्दा खरा आहे. पण कुरिअरचा पोरगा दुचाकीवर येतो आणि पाठीवरच्या पिशवीला वरून तोंड असतं.

आज गॅलरीत दोन पाकिटं ठेवली, दोन्हींत जुनी टॉवेलं, वरून बागेच्या झारीने पाच मिनिटं पाणी. कागदाचं पाकीट उचलताना टॉवेल खाली पडला, टेप हातात राहिली. बॅगेतला टॉवेल कोरडा, फक्त तोंडाच्या एका कोपऱ्याशी ओल. तेव्हा पाऊस संपेपर्यंत बाहेर प्लास्टिक. तोंडाची पट्टी दुमडून त्यावर आडवी टेप.

मग सौ. म्हणाली, आमच्या लहानपणी पार्सल मांजरपाटात शिवून जायचं. खरंच की. जाड दोऱ्याची शिवण, गाठींवर लाखेचं सील, पत्ता थेट कापडावर शाईने, पोस्टमन आणायचा तेव्हा अख्खी चाळ गोळा व्हायची. त्यावरून निघालं ते असं: ज्या सुती साड्या विकण्याच्या पलीकडच्या आहेत, पदर विरलेल्या, मध्ये फाटलेल्या, त्यांच्या निऱ्यांच्या भागातून पिशव्या शिवायच्या. कपडा आधी त्या पिशवीत, पिशवी बॅगेत. सुती पिशवी आतला दमटपणा थोडा ओढून घेते, कपडा प्लास्टिकला थेट चिकटत नाही आणि गिऱ्हाइकाला एक पिशवी राहते. एका पिशवीचं वजन ३५ ग्रॅम. म्हणजे सुती साडीचा टप्पा आणखी घट्ट झाला, पण चालेल.

सुनेने पिशवीचा फोटो टाकला. ‘पिशवी वेगळी मिळेल का?’ असं विचारणाऱ्या साडी विचारणाऱ्यांपेक्षा जास्त.

१५ ऑगस्ट

सुट्टी. सगळी लेबलं लिहून काढली. पिनकोडचाही आज वाढदिवस: १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. मोठे सरकारी अधिकारी, आणि संस्कृतात कविता करणारे. कंपनीत असताना मी नव्या पोरांना पिन आधी शिकवायचो. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. ठाणे ४००६०१, आमचं नौपाडा ४००६०२, वाशी ४००७०३. पहिल्या तीन आकड्यांनी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकच.

गिऱ्हाइकं पिन अंदाजाने लिहितात. ‘वडगाव, पुणे’ एवढाच पत्ता आलाय. वडगाव मावळ, शेरी की बुद्रुक? आणि माहेर पेठ वडगावचं असेल तर तो कोल्हापूर जिल्हा. आता सून पत्ता घेताना तालुका आणि पिन दोन्ही मागते आणि जुळले नाहीत तर परत विचारते.

लेबलाचं बाकी: बारकोडवर चकचकीत टेप मारायची नाही, मशीनला वाचता येत नाही, लेबल पाऊचमध्ये सरकवायचं. आलेल्या पार्सलाची बॅग उलटी करून पुन्हा वापरायची असेल तर जुना बारकोड काळ्या मार्करने पुरता मारायचा, नाहीतर पार्सल जुन्याच पत्त्याची वाट धरतं. आणि पत्त्याची दुसरी चिठ्ठी आत, कपड्याच्या पिशवीत.

१९ ऑगस्ट

कालपासून धो धो. मध्य रेल्वेची मुख्य मार्गावरची लोकल आज ठाणे ते सीएसएमटी बंद. काल सकाळी कुरिअरचा पोरगा गठ्ठा घेऊन गेला, तो आता कुठल्या गोदामात आहे ते ट्रॅकिंग सांगत नाही.

२२ ऑगस्ट

डोंबिवलीच्या पार्सलाचा व्हिडिओ आला. बॅगेवर चिखल, पाऊचमध्ये पाणी शिरलेलं आणि इंकजेटवर छापलेल्या लेबलाचा निळा लगदा. फोन नंबरातले शेवटचे दोन आकडे गेले होते. पोचवणाऱ्याने ओळखीच्या इमारतीवरून पोचवलं, त्याला शंभर नमस्कार. आत पिशवी कोरडी, कुर्ता कोरडा, चिठ्ठी जशीच्या तशी.

यापुढे लेबल लेझर प्रिंटरवर, नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून. शिवाय बॅगेवर मार्करने पिन आणि मोबाइल नंबर मोठ्या आकड्यांत.

२५ ऑगस्ट

शेजारच्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिला गौरीसाठी खणाची साडी हवी होती, भेट म्हणून आईनेच पाठवायची, बांधून मी द्यायची. तिकडच्या सीमाशुल्काच्या नव्या नियमांमुळे आजपासून अमेरिकेला जाणारा टपालाचा माल तात्पुरता थांबलाय. पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालतील म्हणतात, पण साडी त्यात बसेल की नाही हे कोणी नक्की सांगेना. गौरी ३१ तारखेला येतात. कोणी जाणारं-येणारं बघा, असं सांगून साडी परत दिली.

१० सप्टेंबर

गणपती गेले, पितृपक्ष लागला, ऑर्डरी आटल्या. पितृपक्षात नवे कपडे घेत नाहीत. पण जुने? एका बाईंनी खरोखर विचारलं. सौ.चं मत: तुम्हाला नवा तर नवाच. सुनेचं मत: मूळ मालकिणीने कधीच नवेपण संपवलंय, बेलाशक घ्या. धंद्याच्या दृष्टीने मी सुनेच्या बाजूने. बाईंनी ‘घटस्थापनेनंतर बघू’ म्हणून कळवलं.

मोकळ्या वेळात पिशव्या शिवून झाल्या आणि चरईची ट्रंक एकदाची विक्रीला गेली. नातीने आठवड्यापूर्वीच हिरवा कंदील दिला होता. काठ उकललेली पैठणी मात्र विकायची नाही असं सौ.ने ठरवलंय. तिच्या काठाचं काय करायचं ते तिचं ती बघेल.

३ ऑक्टोबर

परवापासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टातच मिसळलं. स्पीड पोस्टाचे नवे दरही त्याच दिवसापासून. फक्त त्या माणसाच्याच हातात द्यायचं असेल तर रजिस्ट्रेशनचे पाच रुपये जादा, ओटीपी घेऊन द्यायचं असेल तर त्याचे पाच, दोन्हींवर जीएसटी. पैठणीसारख्या मालाला हे दहा रुपये मी डोळे झाकून देईन. ज्या गिऱ्हाइकांची पार्सलं खालच्या दुकानात ठेवतात त्यांना आधी विचारायचं: ओटीपी आला तेव्हा फोन हातात असेल ना?

पोस्ट अजून खेड्यापाड्यात कुरिअरपेक्षा लांब पोचतं. शहरातला माल कुरिअरने, तालुक्याच्या पलीकडचा पोस्टाने, अशी वाटणी चालू ठेवली.

११ ऑक्टोबर

ऊन तापायला लागलंय. इस्त्रीनंतरचं वजन आणि सकाळचं वजन यांतला फरक जवळपास गेला. सुनेने आठवण करून दिली, तेव्हा शब्द दिल्याप्रमाणे आजपासून सुती आणि पॉलिएस्टर माल तपकिरी कागदात. कागद दुहेरी, शिवणीवर टेप, सुतळी नाही. सुतळीचा फास सॉर्टिंगच्या पट्ट्यात अडकतो. ती जरा फुरंगटली. रेशमी माल बॅगेतच.

लक्ष्मीपूजन २१ तारखेला. पेजवर टाकायला मजकूर करून दिला: ‘दिवाळीत नेसायच्या साड्यांची ऑर्डर १३ तारखेपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यासाठी १२. नंतरच्या ऑर्डरी भाऊबीज झाल्यावर निघतील.’ सुनेला १६ हवी होती. वसुबारसेपासून काउंटरवर मिठाईच्या डब्यांची रांग लागते आणि डब्यांखाली आपला गठ्ठा दबतो, हे तिला त्या दिवशी प्रत्यक्ष नेऊन दाखवतो. टेपचे दोन रोल उरलेत, सहा आणायचेत. लाल दोऱ्याचं रीळही.